बन गेला, त्याची कामं राहिली

बर्गरमधला बन काढून टाकायचा आणि उरलेलं सगळं बाऊलमध्ये घालायचं, यात कसली आली रेसिपी? खिमा परतायचा, लेट्यूस चिरायचं, टोमॅटो, कांदा, चीज, वरून सॉस. वीस मिनिटांत जेवण तयार. तयार होतं खरंच. पहिले चार घास झकास लागतात. पाचव्याला जीभ खारटते, आठव्याला टाळूवर मेणासारखं काहीतरी बसतं आणि बाऊल अर्धा रिकामा होईपर्यंत तळाशी गुलाबी पाणी साचलेलं असतं, त्यात लेट्यूस मान टाकून पडलेलं. खिमा ताजा, भाजी ताजी, सॉस घरचा. तरी हे असं का होतं?

कारण बनला आपण नुसतं वेष्टण समजतो. दिसायला गरीब, पण बर्गरमध्ये सगळ्यात जास्त राबतो तोच. खिम्याचा रस आणि चरबी तो पिऊन घेतो. टोमॅटोचं पाणी अडवतो. चीजचा खारटपणा, काकडीच्या लोणच्याचा आंबटपणा, मस्टर्डचा झणका यांच्यामध्ये एक फिकी, किंचित गोड भिंत घालतो. गरम खिम्याला गार पानांशी फार वेळ लगट करू देत नाही. आणि वरून-खालून दाबून धरल्यामुळे प्रत्येक घासात सगळं थोडं थोडं येतं. बन काढला की ही सगळी कामं बेवारस होतात. बर्गर बाऊल करायचा म्हणजे ती कामं बाकीच्या मंडळींत वाटून द्यायची. एवढं ध्यानात ठेवलं तर पुढची प्रत्येक पायरी का आहे ते आपोआप कळतं.

तसा बन हा या गोष्टीत मागाहून आलेला. हॅम्बर्गर हे नाव जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरावरून पडलं आणि 19व्या शतकात अमेरिकेतल्या खाणावळींत ‘हॅम्बर्ग स्टेक’ मिळायचा तो ताटलीतच, काट्याने खायचा. तेव्हा बनशिवायचा बर्गर ही काही नवी टूम नाही. बाऊलमध्ये मात्र गरम मांसाच्या अंगाखाली कच्ची, गार पानं येतात आणि सगळ्या भानगडी तिथून सुरू होतात.

प्रमाण दोघांसाठी धरू. 400 ग्रॅम खिमा, लेट्यूस 200 ते 250 ग्रॅम, दोन मूठ बारीक चिरलेला कोबी, एक मोठा टोमॅटो, एक मध्यम कांदा, 60 ग्रॅम चीज, व्हिनेगरमधल्या काकडीच्या दहा-बारा चकत्या. पदार्थ झटपट होतो तो कामांच्या क्रमामुळे. कांदा आणि टोमॅटो आधी, मग सॉस, मग पानं, आणि पॅन सगळ्यात शेवटी. खिमा आधी परतून ठेवला आणि मग चिरायला बसलो तर खिमा गार होतो, चरबी गोठते आणि पुन्हा गरम करताना तो कोरडा पडतो. चमचा इथे टेबलस्पून म्हणजे 15 मिली आणि टीस्पून म्हणजे 5 मिली.

कांदा उभा, पातळ चिरायचा, दोन मिलिमीटरचा. त्यात तीन टेबलस्पून व्हिनेगर, तितकंच कोमट पाणी, अर्धा टीस्पून साखर, पाव टीस्पून मीठ. पंधरा-वीस मिनिटांत कांद्याचा उग्रपणा उतरतो. कांदा लाल असेल तर रंगही छान गुलाबी चढतो, कारण त्यातलं अँथोसायनिन हे रंगद्रव्य आम्लात लालसर होतं. हा कांदा घालणार असाल तर काकडीच्या चकत्या निम्म्या करा. दोन्ही भरपूर घातले की बाऊलमधलं बाकी सगळं त्या आंबटपणापुढे मुकं होतं. आंबट नकोच असेल तर चिरलेला कांदा दहा मिनिटं गार पाण्यात बुडवून निथळून घ्या. डोळ्यांतून पाणी काढणारी गंधकयुक्त द्रव्यं बरीचशी त्या पाण्यात निघून जातात.

टोमॅटोचे दीड सेंटिमीटरचे तुकडे करायचे, चिमूटभर मीठ लावून चाळणीत ठेवायचे आणि चाळणीखाली वाटी. दहा मिनिटांत वाटीत दोन-तीन चमचे पाणी जमतं. बाऊलच्या तळाशी साचणाऱ्या तळ्यातलं गुलाबी पाणी मुख्यतः हेच, फक्त ते बाऊलमध्ये न गळता आधीच गळालं. ते फेकायचं मात्र नाही. टोमॅटोची खरी उमामी, म्हणजे मांसाच्या रश्श्यासारखी भरीव, चव गरापेक्षा बियांभोवतीच्या बुळबुळीत भागात जास्त असते आणि ती या पाण्यात उतरलेली असते. यातलाच एक चमचा सॉस पातळ करायला वापरायचा.

आता सॉस. तीन टेबलस्पून मेयोनीज, एक टेबलस्पून केचप, एक टीस्पून मस्टर्ड, काकडीच्या लोणच्याचा अगदी बारीक चिरलेला एक टेबलस्पून, पाव टीस्पून पॅप्रिका, चिमूटभर लसूण पावडर. मीठ नाही. मेयोनीज, केचप, मस्टर्ड, काकडी या चौघांतही ते आधीच आहे. हे सगळं कालवून बाजूला ठेवायचं. दहा मिनिटांत लसूण पावडर भिजते आणि तिची कच्ची, धुळीसारखी चव जाते.

सॉस किती पातळ असावा, याचा विचार सहसा कुणी करत नाही. बर्गरमध्ये सॉस पसरवायचं काम बन करतो. आपण दोन्ही हातांनी दाबतो आणि तो आपसूक सगळीकडे जातो. बाऊलमध्ये दाबणारं कुणी नाही, म्हणून सॉसने स्वतःच्या पायाने चालायला हवं. बर्गरचा घट्ट सॉस जसाच्या तसा वापरला तर त्याचे गोळे एका जागी बसून राहतात. एका घासात सॉसच सॉस आणि पुढचे चार घास कोरडे. टोमॅटोचं पाणी किंवा काकडीच्या बाटलीतलं व्हिनेगर एकेक टीस्पून घालत जायचं. चमचा वर उचलल्यावर सॉसची जाडसर, न तुटणारी धार पडली आणि खाली पडल्यावर तिची रेघ दोन-तीन सेकंद दिसून मग मिसळली, की थांबायचं. याहून पातळ झाला तर तो पानांवर टिकत नाही, थेट तळ गाठतो.

बन काढला म्हणून जेवण आपोआप हलकं झालं, हा समज जाता जाता मोडायला हवा. मध्यम आकाराच्या बनमध्ये साधारण 25 ते 30 ग्रॅम कर्बोदकं आणि दीडशेच्या आसपास कॅलरी असतात. एक टेबलस्पून मेयोनीज म्हणजे जवळजवळ शंभर कॅलरी. बन गेल्याच्या आनंदात सॉस दुप्पट ओतला की हिशेब तिथल्या तिथे बरोबर. कर्बोदकं कमी करायची असतील तर बाऊल कामाचा आहे. नुसत्या कॅलरी मोजायच्या असतील तर नजर सॉसवर ठेवा. निम्मं मेयोनीज काढून तिथे घट्ट टांगलेलं दही चालतं. मात्र दही न टांगता घातलं तर त्याला पाणी सुटतं आणि ते तळ्यात भर घालतं.

लेट्यूस कुरकुरीत का असतं? पानांच्या पेशींमध्ये पाणी गच्च भरलेलं असतं आणि पेशींच्या भिंती त्या दाबाने ताठ उभ्या असतात, फुगवलेल्या फुग्यासारख्या. पान मरगळतं म्हणजे हा दाब उतरतो. फ्रिजमध्ये दोन दिवस पडून नरम झालेलं लेट्यूस गार पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवलं की पेशी पुन्हा पाणी पितात आणि पान ताठ होतं. कुजलेलं मात्र परत येत नाही. काळ्या, बुळबुळीत कडा काढून टाकायच्या.

त्यानंतरचं काम कंटाळवाणं असतं, आणि म्हणूनच ते टाळलं जातं. पानं कोरडी करायला हवीत. ओल्या पानावर सॉस धरत नाही. सॉस बहुतांशी तेलाचा, पान पाण्याने माखलेलं, दोघांचं जमायचं कसं? सॅलड स्पिनर असेल तर दोन फेऱ्या. नसेल तर पानं स्वच्छ सुती कापडावर पसरायची, कापडाची सैल गुंडाळी करायची आणि हलक्या हाताने दाबायची. मग दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे. याहून बारीक चिरले तर गरम खिम्याखाली मिनिटाभरात चोथा होतो. याहून मोठे ठेवले तर काट्यावर एकटं पानच येतं, शेजारचं काही येत नाही. बाऊलमधला घास काट्याने बांधायचा असतो, म्हणून सगळ्यांची मापं काट्याच्या मापात हवीत.

लेट्यूस कुठलं? आइसबर्ग सगळ्यात कुरकुरीत, पण चवीला जवळपास पाणीच. रोमेन जास्त सोसणारं, त्याच्या मधल्या जाड शिरा खिम्याच्या उष्णतेलाही दाद देत नाहीत. दोन्ही चालतात, निवडायचंच झालं तर रोमेन. कोवळा पालक या कामाला अजिबात घेऊ नये, वाफ लागली की तो मूठभर होतो. आणि कुठलंही लेट्यूस असो, चिरून पुसून झालं की फ्रिजमध्ये परत ठेवायचं नाही. बर्फासारखी गार पानं इथे का नकोत, ते चरबीपाशी आलो की कळेल.

या पदार्थाचा जीव खिम्यात आहे आणि सर्वाधिक घोळही तिथेच होतात. पॅनमध्ये खिमा टाकायचा, लगेच उलथन्याने फोडत हलवत राहायचं, थोड्या वेळाने त्याला पाणी सुटतं, राखाडी होतो, पाणी आटतं, झाला खिमा. मसाल्याच्या रश्श्यात शिजणार असेल तर हे खपून जातं. बर्गर बाऊलमध्ये नाही खपत, कारण इथे रस्सा नाही, खडा मसाला नाही. बर्गरची ओळख म्हणजे तव्यावर लागलेला तो खरपूस, तपकिरी थर. तो नसेल तर समोर येतो तो लेट्यूसवर वाढलेला उकडलेला खिमा.

हा तपकिरी थर ज्या अभिक्रियेने येतो तिचं वर्णन 1912 मध्ये लुई कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने केलं आणि तिला त्याचंच नाव पडलं. प्रथिनांमधली अमिनो आम्लं आणि साखर उष्णतेने एकत्र येतात आणि शेकडो नवे वास-चवी तयार होतात. पॅनमध्ये ही अभिक्रिया जोमाने व्हायला 140 अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं. पाणी मात्र 100 अंशांना उकळतं, आणि जोवर खिम्याच्या पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तो पृष्ठभाग शंभराच्या फार वर जातच नाही. म्हणजे सगळी लढाई पाण्याशी आहे.

म्हणून पॅन रुंद हवा, 28 ते 30 सेंटिमीटरचा, शक्यतो बिडाचा किंवा जाड बुडाच्या स्टीलचा. खिमा फ्रिजमधून काढून कागदाने वरून टिपून घ्यायचा. पॅन मोठ्या आचेवर तापवायचा. स्टीलच्या पॅनवर पाण्याचा थेंब चर्र करून विरून न जाता मण्यासारखा पळायला लागला की तो तापला. (नॉनस्टिक पॅन मात्र असा रिकामा कडक तापवू नये, त्याचा थर खराब होतो.) एक टीस्पून तेल, आणि मग खिमा टाकून तो फोडण्याऐवजी दाबायचा. सगळ्या पॅनभर एक सेंटिमीटर जाडीची एकच मोठी चकती करायची. वरून मीठ अर्धा टीस्पून, म्हणजे साधारण 3 ग्रॅम. आणि मग चार-पाच मिनिटं हात लावायचा नाही.

हे न हलवणं फार अवघड जातं. पण चकती एका जागी राहिली की तिच्या तळाचं पाणी एकदा उडून जातं आणि तो तळ तापत राहतो. दर दहा सेकंदांनी हलवलं तर प्रत्येक वेळी नवा ओला भाग पॅनला लागतो आणि पॅन बिचारा सतत पाणीच उकळत बसतो. कान द्या. सुरुवातीला आवाज ओलसर, फसफसणारा असतो. पाणी सरलं की तोच कोरडा, बारीक, तडतडणारा होतो. कडा तपकिरी दिसतात आणि चकती पॅनला सोडायला लागते. चिकटून बसली असेल तर ती अजून झालेली नाही, उलथनं खुपसू नका, आणखी मिनिटभर थांबा.

मग उलथन्यानेच चकतीचे चार भाग करून एकेक उलटायचा. दुसऱ्या बाजूला दोन मिनिटं. आणि आता फोडायचं, बोटाच्या पेराएवढे तुकडे राहतील इतपतच. भुगा केला तर खरपूस थर सगळीकडे विखरून हरवतो आणि खिमा पानांच्या फटींतून तळाशी जाऊन बसतो. तुकडे मोठे राहिले की घासाला बर्गर चावल्याचा भास येतो. मिरपूड अर्धा टीस्पून आणि वुस्टरशर सॉस (बाटलीत मिळणारा पातळ, आंबट-खारट सॉस) एक टीस्पून आता घालायचा, आधी नाही. मिरपूड मोठ्या आचेवर करपून कडू होते आणि सॉस म्हणजे पुन्हा पाणीच.

मीठ खिम्यात आधीच का कालवायचं नाही? मीठ मांसातली मायोसिनसारखी प्रथिनं विरघळवतं, ती चिकट होतात आणि शिजताना तुकड्यांना एकमेकांशी घट्ट बांधतात. सॉसेजला ते हवं असतं. इथे खिमा रबरासारखा चिवट होतो. वरून, शेवटच्या क्षणी, हाच मार्ग. आणि 400 ग्रॅमला अर्धाच टीस्पून, कारण बन नाही. एरवी बर्गरच्या टिक्कीला याच्या दीडपट मीठ पचतं, कारण सोबतची फिकी पोळीसारखी जाडी ते पातळ करते. बनच्या कामांत हे सगळ्यात सहज विसरलं जातं. खिम्याची चव पॅनमध्ये घेतली तर ती किंचित अळणी वाटायला हवी. बाऊलमध्ये चीज, काकडी, सॉस भेटले की बरोबर होते.

खिमा शिजला की नाही हे रंगावर ठरवू नये. तपकिरी दिसणारा खिमा आत कच्चा असू शकतो. मांसाच्या अखंड तुकड्यावर जिवाणू मुख्यतः बाहेरून असतात, कुटताना ते आतपर्यंत मिसळतात, म्हणून खिमा आतूनही पूर्ण तापायला हवा. लाल मांसाला 71 अंश सेल्सिअस, चिकनला 74. थर्मामीटर असेल तर खिम्याचा ढीग करून त्याच्या मधोमध टोक खुपसून बघायचं.

आता ती टाळूवरची मेणासारखी गोष्ट. बर्गरसाठी 20 टक्के चरबीचा खिमा घ्या असं सगळे सांगतात, आणि ते बर्गरपुरतं बरोबरच आहे. 400 ग्रॅममध्ये त्या हिशेबाने 80 ग्रॅम चरबी झाली. बर्गरमध्ये तिचा मोठा वाटा बन पितो. बाऊलमध्ये ती गार पानांवर पडते. गोमांस किंवा मेंढीच्या मांसाची चरबी पातळ राहायला साधारण 40 अंशांच्या वरचं तापमान लागतं. पानांवर पडली की ती गोठायला लागते, आणि तोंडाचं तापमान त्याहून कमी असल्यामुळे जिभेवर पुन्हा नीट वितळतही नाही. टाळूवर बसतं ते हेच.

त्यावर दोन उपाय, दोन्ही करायचे. एक, पानं फ्रिजमधली गार नकोत, पुसून बाहेर ठेवलेली हवीत. दोन, खिमा झाल्यावर पॅन तिरका करायचा, तुकडे वरच्या बाजूला सारायचे आणि खाली जमलेली चरबी चमच्याने काढून वाटीत घ्यायची. एक टेबलस्पूनभर ठेवायची, सगळी काढली तर खिमा कोरडा लागतो. काढलेली चरबी सिंकमध्ये ओतू नये, नळीत जाऊन गोठते आणि मग चार दिवसांनी आठवण करून देते. दहा-बारा टक्के चरबीचा खिमा घेतला तर हा उपद्व्याप कमी होतो, पण असा खिमा लवकर वाळतो. त्याला पाव टीस्पून खाण्याचा सोडा एक टेबलस्पून पाण्यात विरघळवून हलक्या हाताने चोळून पंधरा मिनिटं ठेवला तर मांसाचा सामू (pH) वाढतो, प्रथिनं आक्रसून पाणी बाहेर ढकलत नाहीत आणि तपकिरी रंगही लवकर येतो. पाव टीस्पूनच. सोडा जास्त झाला की साबणासारखी चव येते आणि ती कशानेही झाकत नाही.

चरबी काढल्यावर पॅनच्या तळाला तपकिरी खपली उरते. ती धुवून टाकणं म्हणजे बर्गरचा अर्क मोरीत घालणं. दोन टेबलस्पून पाणी आणि अर्धा टीस्पून व्हिनेगर घालून उलथन्याने खरवडायचं. अर्ध्या मिनिटात सगळं सुटून खिम्यावर चकचकीत लेप बसतो. बन जो रस पिऊन गप्प बसायचा, तो असा मांसावरच राहतो.

चीज पानांवर किसून घालण्याची पद्धत मला अजिबात पटत नाही. गार चीज म्हणजे रबरी धागे, एका घासाला आले तर आले. त्यापेक्षा गॅस बंद करायचा, खिमा पॅनमध्येच दोन ढिगांत गोळा करायचा, प्रत्येकावर 30 ग्रॅम चीज, झाकण, एक मिनिट. खिमा पानांवर घालण्याआधी थोडा निवायला हवाच असतो, तो वेळही यातच जातो. चीज वितळल्यावर ढवळायचं नाही, चीजसकट तुकडे उचलून बाऊलमध्ये न्यायचे. जुनं, मुरलेलं चेडर चवीला सरस, पण फार तापलं की त्यातून तेल सुटतं आणि उरलेला भाग दाणेदार होतो. चेडर ताजं घ्यावं, नाहीतर सरळ प्रोसेस्ड स्लाइस. जेम्स क्राफ्टने प्रोसेस्ड चीजचं अमेरिकन पेटंट 1916 मध्ये घेतलं. आजच्या स्लाइसमध्ये इमल्सिफाय करणारे क्षार असतात, त्यामुळे तेल आणि पाणी धरून राहतं आणि स्लाइस मुकाट्याने वितळते. चीजच्या दर्दींनी नाक मुरडलं तरी या एका जागी तिला तोड नाही. पाकिटातलं तयार किसलेलं चीज मात्र टाळावं. किस चिकटू नये म्हणून त्याला स्टार्चसारखी पूड लावलेली असते, त्यामुळे ते गुळगुळीत वितळत नाही.

रचना करताना पानं तळाला, दोन तृतीयांश. त्यावर कोबी, दोन-तीन मिलिमीटर जाडीचा चिरलेला, सगळीकडे पातळ थर. कोबीला इथे बनची जागा दिली आहे. त्याची पानं लेट्यूसपेक्षा जाड आणि चिवट, उष्णता सोसतो, ओघळणारी चरबी अंगावर घेतो, आणि चवीला फिका आहे, म्हणजे भिंतीचंही काम करतो. टोमॅटो एका बाजूला, खिम्याखाली नाही. मग मधोमध खिमा, भोवती कांदा-काकडी, उरलेली पानं कडेने. सॉस सगळ्यात शेवटी आणि खायला बसल्यावर. तेल पानावरच्या मेणाच्या थरातून आत शिरतं आणि पान झपाट्याने काळवंडून मरगळतं. नुसत्या व्हिनेगरपेक्षा तेल पानाला लवकर लोळवतं, हे अनेकांना उलटं वाटतं.

भिंत आणखी भक्कम हवी असेल तर पिकलेल्या अॅव्होकाडोच्या फोडी. कर्बोदकांची अडचण नसेल तर उकडलेल्या बटाट्याचे दीड सेंटिमीटरचे तुकडे, त्याच काढून ठेवलेल्या चरबीत आठ मिनिटं खरपूस परतून. बटाटा रसही पितो, फिकाही असतो. बनचा हा सगळ्यात जवळचा चुलतभाऊ.

आणि तीळ. बनच्या डोक्यावरचे ते पांढरे तीळ शोभेचे वाटतात, पण बर्गरच्या वासात त्यांचा मोठा वाटा असतो. दोन टीस्पून तीळ कोरड्या पॅनमध्ये मंद आचेवर दोन-तीन मिनिटं, हलवत हलवत, उडायला लागले की लगेच ताटलीत काढायचे. पॅनमध्ये ठेवले तर त्याच्या उष्णतेने करपतात. बाऊलवर भुरभुरले की जेवणाऱ्याला काय बदललं ते कळत नाही, पण ‘आता बर्गरसारखं लागतंय’ असं तो म्हणतो.

चिकनचा खिमा घेतलात तर त्यात चरबी कमी, म्हणून पॅनमध्ये तेल एक टेबलस्पून, आणि काढून टाकायला फारसं काही उरत नाही. चव फिकी असते, तेव्हा वुस्टरशर सॉस दुप्पट. मांस नको असेल तर 100 ग्रॅम सोया ग्रॅन्यूल्स गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवून अगदी कडक पिळायचे, हात दुखेपर्यंत. नाहीतर ते खरपूस व्हायचं नाव घेत नाहीत. सोबत 200 ग्रॅम मशरूम बारीक चिरून. मशरूम आधी एकटे परतायचे, त्यांच्यात 90 टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि ते आटायला आठ-दहा मिनिटं लागतात. पाणी आटल्यावरच तीन टेबलस्पून तेल, मग सोया, मग एक टेबलस्पून सोया सॉस, आणि मीठ चव बघूनच. सोया आणि मशरूम एकत्र पॅनमध्ये ढकलले तर मशरूमचं सगळं पाणी सोया पिऊन टाकतो आणि मघाशी पिळलेलं फुकट जातं.

डब्यासाठी लेट्यूस काढून सगळा कोबीच घ्यावा, तो चिरल्यावर कित्येक तास कुरकुरीत राहतो. खिमा वेगळ्या डब्यात, सॉस लहान बाटलीत, टोमॅटो निथळून. शिजलेला खिमा दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवा, तिथे तो तीन-चार दिवस टिकतो. खाताना नीट वाफाळेपर्यंत गरम करावा, नुसता कोमट केला तर चरबी पुन्हा टाळूवर बसते.

इतकं करूनही बाऊलच्या तळाशी चमचाभर काहीतरी उरतंच. सॉस, खिम्याचा रस, कांद्याचं व्हिनेगर, एक-दोन तीळ. लेट्यूस चिरताना त्याच्या गाभ्यातली दोन लहान, ताठ, होडीसारखी पानं न चिरता बाजूला ठेवलेली असली तर ती आता उपयोगी पडतात. एक हातात घ्यायचं आणि बाऊल पुसून काढायचा.